पाणी, सावली आणि पाहुणा



चालकांनी मला विषय दिला तो ‘उन्हाळ्यातील घरगुती समारंभ आणि आजचा पाहुणचार’. पत्र वाचून मी प्रथम पाकिटावरचा पत्ता पुन्हा पाहिला. वाटले, पत्र चुकून माझ्याकडे आले असावे. माझा जन्म कामगारांच्या सभा घेण्यात गेला. आमच्या सभेत पाहुणचार म्हणजे अर्धा कप चहा, आणि तोही वर्गणी जमली तर. शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण तालुक्याच्या वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. अशा माणसाने पाहुण्यांचे स्वागत कसे करावे, मंडपात काय वाढावे, उन्हाळ्यात काय नेसावे यावर बोलायचे म्हणजे पोहता न येणाऱ्याने नावाड्यांना सल्ला देण्यासारखे आहे. चालकांना मी तसे कळवलेही. ते म्हणाले, “तुम्ही हिशेबाच्या बाजूने बोला.” हिशेब मात्र मला थोडाफार कळतो. म्हणून उभा राहिलो.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. वसंतातच का, याचे उत्तर सोपे आहे. या दिवसांत शाळा-कचेऱ्यांना सुट्या, शेतकऱ्याचे धान्य घरात आलेले, आणि पेरणीला अजून अवकाश. माणसांना एकत्र बसायला सवड असते. या सवडीमुळेच आपल्याकडची लग्ने, हळदी, वास्तुशांती, गावदेवीच्या जत्रा सगळे याच दोन-तीन महिन्यांत येते. म्हणजे वर्षातले जे दिवस सर्वांत कडक उन्हाचे आणि सर्वांत कमी पाण्याचे, त्याच दिवसांत आपण सर्वांत जास्त माणसे घरी बोलावतो. शहापूर-मुरबाडच्या पाहुणचाराची सगळी अडचण आणि सगळी थोरवी या एका गोष्टीत आहे.

पाहुणचाराचा प्रारंभ पाण्याने होतो. दारात आलेल्याला आधी पायावर पाणी, मग तांब्या-भांडे, सोबत गुळाचा खडा. नंतर विचारायचे, कुठून आलात. आमची आजी म्हणायची, आधी तहान विचारावी, मग गाव विचारावे. आता हे पाणी येते कुठून ते पाहू. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा धरण १८९२ साली आपल्या शहापूर तालुक्यात झाले. त्यानंतर वैतरणेवरचे मोडक सागर १९५७ साली झाले. भातसा त्याच्याही नंतरचे, आणि त्या तिघांत सर्वांत मोठे. मुरबाडच्या हद्दीला लागून बारवी आहे, तिचे पाणी औद्योगिक वसाहतींना आणि खालच्या शहरांना जाते. मुंबईच्या चाळीत, बंगल्यात, हॉटेलात पाहुण्यापुढे जो पेला ठेवला जातो, त्यातला फार मोठा भाग आपल्या डोंगरांतून उतरलेला असतो. या अर्थाने शहापूर तालुका गेली सव्वाशे वर्षे मुंबईचा यजमान आहे. आणि या यजमानाच्या स्वतःच्या घरी, धरणांच्या काठावरच्या पाड्यांत, एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहावी लागते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी वीटभट्टीवरच्या मजुरांची नावे नोंदवण्यासाठी मी एका कातकरी वाडीवर गेलो होतो. मे महिना होता, दुपारचे दोन वाजले होते. एका झोपडीच्या सावलीला बसलो. घरातल्या बाईने तांब्या पुढे केला. म्हणाली, “पानी पे दादा, उनाचा आलास.” मी घटाघटा प्यालो आणि तोंडही धुतले. उरलेले पाणी सवयीने अंगणात फेकले. बाई काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढून आली. झरा कुठे आहे विचारले, तेव्हा तिने खाली बोट दाखवले. जिथे तिने बोट दाखवले, तिथे मला नुसते झाडांचे शेंडे दिसत होते. ती सकाळपासूनची तिसरी खेप होती. ओंजळभर पाणी मी अंगणात फेकले, ते मला आजही आठवते.

तेव्हापासून मी पिशवीत स्वतःची बाटली ठेवतो. पण मंडळी, त्यातही एक पेच आहे. तुम्ही गरिबाच्या घरी गेलात आणि ‘पाणी नको, आमचे आहे’ म्हणालात, तर तुम्ही त्याचे पाणी वाचवत नाही, त्याचा मान घेता. आपल्या देशात ‘तुझे पाणी मला नको’ या वाक्याला फार वाईट इतिहास आहे. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. मी तर त्यालाच आधुनिक महाराष्ट्रातला पहिला मोठा पाहुणचार म्हणेन. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडला चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. म्हणून मी वाडीवर गेलो की तांब्या नाकारत नाही. दोन घोट घेतो, सांडत नाही, आणि भांडे दोन्ही हातांनी परत देतो. पाहुण्यालाही काही शिकावे लागते, ते मी त्या अंगणात शिकलो.

आता जुन्या समारंभांकडे वळू. आपल्या भागात लग्नाचा मांडव म्हणजे आंब्या-जांभळाच्या डहाळ्यांचा. शेजारीपाजारी रानात जात, मेढी रोवत, वर पाला टाकत. त्या हिरव्या पाल्याखाली भर दुपारी जो गारवा असे, तो आजच्या पत्र्याच्या सभागृहात दहा पंखे लावूनही मिळत नाही. पाला वाफ सोडतो आणि हवा थंड करतो. पत्रा ऊन पितो आणि खाली ओततो. मोठी भांडी गावकीची असत, सरपण भावकी आणी, तांदूळ ज्याच्या त्याच्या घरून पायलीने येई. वारल्यांत धवलेरी आणि आगऱ्यांत धवलारीण, म्हणजे बाईमाणूसच, गाणी म्हणून लग्न लावी. पांढरपेशा घरांत चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचे हळदीकुंकू होई. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि मोगऱ्याचा गजरा. पाहा, त्या ताटात शिजवलेले जवळजवळ काही नाही. चुलीपुढे कुणाला तासन् तास बसायला नको. जे मोसमात पिकते तेच पुढे ठेवायचे. उन्हाळ्यातला घरगुती समारंभ कसा असावा याचा इतका शहाणा नमुना दुसरा सापडणार नाही.

परंतु जुने ते सगळे सोने, असे सांगायला मी आलेलो नाही. त्याच चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आळीतली विधवा बाई येत नसे. डाळ वाटायला ती, पन्हे ढवळायला ती, आणि बाया दारात आल्या की माजघरात जाणारीही तीच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनी तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. एका ग्रामसभेने करून दाखवले, मग परिपत्रक निघाले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुन्या पंगतीत जातवार पाने मांडली जात. घरच्या बायका सर्वांत शेवटी, खरवडलेल्या भांड्यांतले जेवत. तेव्हा पाहुणचार मोठा होता हे खरे, पण पाहुणा कोण हे आधीच ठरलेले असे.

आणि त्या लग्नांवर कर्जाची सावली होती. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-तलासरी-उंबरगावच्या बाजूला, ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. आदिवासी तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि त्याच्या फेडीसाठी नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. मजुरी नाही, नुसते पोटाला. कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत, आणि वाचणारा तोच. फेड आयुष्यभर होत नसे. माणूस लग्न करून संसारात पडतो असे आपण म्हणतो. हे लोक लग्न करून वेठीत पडत. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या शेजारी टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. तिकडून आलेल्या वारल्यांनी तिथे आपली कहाणी सांगितली. त्यातून शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला आणि लग्नगडी मोकळे झाले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली निघाले आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मी ते विशीत वाचले, रात्रपाळी संपल्यावर, दोन दिवसांत. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचनालयातून आजच न्यावे.

वेठबिगारीविरुद्धचा देशाचा कायदा १९७६ चा. कायदा आहे, तरी वाट पुरती बंद झालेली नाही. आजही आपल्या दोन्ही तालुक्यांतली कातकरी कुटुंबे पावसाळा संपताना वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतात. उचल कशासाठी, असे मी नावे लिहिताना विचारतो. उत्तरे दोनच येतात. एक आजारपण, दुसरे लग्न. मग ती उचल फिटेपर्यंत मुलाबाळांसकट भट्टीवर. मुले शाळेबाहेर. म्हणून लग्नाचा थाट हा मला नुसता हौसेचा प्रश्न वाटत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. मजुराच्या मागे कर्ज असेल तर तो वाढीव मजुरी मागत नाही, जादा तासांबद्दल बोलत नाही, सभेला येत नाही. मालकाचा सर्वांत स्वस्त पहारेकरी म्हणजे कामगाराचा हप्ता.

आता तुम्ही म्हणाल, हे झाले वीटभट्टीवाल्यांचे. आम्ही नोकरीपेशाची माणसे, आमचे तसे नाही. तर आता मी माझेच सांगतो, आणि हे सांगण्यासाठीच मी या विषयाला होकार दिला.

चार वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. वीस वर्षे मी सभांतून साध्या लग्नावर बोलत आलो. सत्यशोधक समाजाने १८७३ पासून बिनभटजीची, बिनखर्चाची लग्ने लावली, हे मी कामगारांना सांगत असे. पण मुलीच्या लग्नाची वेळ आली आणि माझ्या मनात वेगळेच आले. वाटले, सगळे म्हणतील, युनियनवाला कंजूष निघाला. वाटले, मुलीला सासरी खाली बघावे लागेल. मुलीने काही मागितले नव्हते, व्याह्यांनीही नाही. मागणारा मीच होतो, आणि देणाराही मीच. पतपेढीतून तीन लाख उचलले. महामार्गाजवळचे सभागृह घेतले. मे महिना, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. केटरर ठरवला, बाराशे पाने. मी स्वतः कोट घातला. मंडळी, मे महिन्यात, भर दुपारी, शहापुरात, कोट! आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गुरेसुद्धा झाडाखालून हलत नाहीत, आणि मी बंद गळ्याचा कोट घालून दारात हात जोडून उभा होतो.

जेवणाच्या वेळी आत गेलो. काळे जाकीट, काळी विजार, गळ्याला बो बांधलेली पोरे वाढत होती. त्यांतला एक ओळखीचा वाटला. आमच्या युनियनच्या एका सभासदाचा मुलगा, कॉलेजात शिकणारा, सुटीत चार पैसे मिळवायला आलेला. घामाने त्याचे जाकीट पाठीला चिकटले होते. मी विचारले, “जेवलास का रे?” तो हसला आणि म्हणाला, “काका, मालकाने सांगितलंय, सगळी पानं उठल्यावर. आज तुम्हीच मालक.”

तीन वाजले होते. पोरगा सकाळी सहाला आला होता. कारखान्यात कुणी असे केले असते तर मी फाटकावर उभा राहिलो असतो. त्या दिवशी मी त्याच्या पाठीवर थाप मारून पुढे गेलो, कारण व्याही बोलावत होते.

दुसरी गोष्ट त्याच दिवसाची. आमच्या युनियनचे एक वृद्ध सोबती, सत्तरी ओलांडलेले, लांबच्या गावाहून एसटीने आले होते. त्यांना आत खुर्ची मिळाली नाही म्हणून बाहेर पत्र्याच्या सावलीला बसले. पाण्याच्या बाटल्या पानांच्या हिशेबाने आणल्या होत्या, त्या दोन वाजताच संपल्या. सभागृहाचा नळ कोरडा. टँकर सांगितला होता, तो आला नाही. म्हातारबुवा अर्धा तास थांबले, कुणाला काही म्हणाले नाहीत, आणि न जेवता उठून गेले. रस्त्यावर त्यांना भोवळ आली. एका भाजीवाल्या बाईने त्यांना सावलीत बसवले आणि पाणी पाजले म्हणून निभावले. आठवड्याने मी त्यांच्या घरी क्षमा मागायला गेलो. त्यांनी आधी मला तांब्या दिला. मग म्हणाले, “अरे, तुझ्याकडं सगळं होतं. पाणी तेवढं नव्हतं.”

त्या कर्जाचे अजून चौदा हप्ते राहिले आहेत. पण त्या एका वाक्याचा हप्ता संपेल असे वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, चूक टँकरवाल्याची. मी नाही म्हणत. बोलावणे माझे होते. उन्हाळ्यात माणसे जमवणाऱ्याची जबाबदारी केवढी असते हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या समारंभात उन्हाने चौदा माणसांचा बळी गेला. समारंभ सरकारी असो, धार्मिक असो, नाही तर माझ्या मुलीचे लग्न असो, सावली आणि पाणी यांची सोय झाल्याखेरीज उन्हाळ्यात कुणाला बोलावण्याचा अधिकारच पोचत नाही. पंचपक्वान्ने त्यानंतर.

आता आपल्या तालुक्यांत आलेल्या नव्या पाहुणचाराबद्दल थोडे. आसनगाव, खर्डीपासून मुरबाड-माळशेजच्या वाटेपर्यंत डोंगरउतारावर बंगले आणि फार्महाऊस उभी राहिली आहेत. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याची मंडळी येतात. दिव्यांच्या माळा लागतात, अंगणात शेगडीवर मांस भाजले जाते, निळ्या टाक्यांत पोरे डुंबतात. यात वाईट काही नाही. कामाने दमलेल्या माणसाने मोकळ्या हवेत चार मित्र बोलवावेत, हा त्याचा हक्क आहे. मीही शनिवारी दमतो. पण त्या बंगल्याच्या मागे एक खोली असते, ती किती पाहुण्यांनी पाहिली असेल? तिथे राखणदार नवरा-बायको राहतात, बहुधा ज्याची जमीन विकली गेली त्याच गावातले. बाई भाकऱ्या भाजते, भांडी घासते, चादरी धुते. गडी बाग शिंपतो, टाकी भरतो, रात्री दोन वाजता फाटक उघडतो. कारखान्यातल्या कामगाराला कायद्याने आठवड्याची सुटी मिळाली. खासगी बंगल्याच्या फाटकाशी तो कायदा थांबतो. घरकामगारांसाठी २००८ साली महाराष्ट्राने कल्याण मंडळाचा कायदा केला, पण आपले नाव कुठे नोंदवायचे हे त्या बाईला कुणी सांगितलेले नसते. पाहुणे रविवारी परततात तेव्हा म्हणतात, काय शांतता आहे इथे! ती शांतता कुणीतरी घासून-पुसून ठेवलेली असते.

बंगल्याच्या टाकीला पाणी बोअरचे. उतारावर खाली वाडीची विहीर. भूगर्भातले पाणी सातबाऱ्याची हद्द ओळखत नाही. वर बोअर चालली की खाली विहिरीचा तळ दिसतो. पोहण्याच्या टाकीचे मालक वाईट माणसे असतात असे मी म्हणत नाही. त्यांतले पुष्कळ वाडीच्या शाळेला वह्या देतात. माझे म्हणणे एवढेच की वह्या देण्याआधी त्यांनी मार्च ते जून टाकी रिकामी ठेवावी.

आता पोशाख. उन्हाळी पोशाखाचे चित्रांचे कागद मासिकांतून येतात, दुकानांतून टांगलेले असतात. मला त्यातले कळत नाही. पण आपल्या लोकांनी उन्हाशी शेकडो वर्षे झगडून जे ठरवले ते कळते. पांढरे किंवा फिके सुती कापड, सैल शिवण, डोक्याला टोपी किंवा फडके, खांद्यावर पंचा. सूत घाम टिपते, सैल कपड्यातून वारा फिरतो, पांढरा रंग ऊन परतवतो. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले ते कायमचेच. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या अंगावरचे कापड काढले. ते म्हणत, “कापडाची परीक्षा दुकानात नाही, मे महिन्यात होते.” मुलीच्या लग्नाचा तो कोट आता ट्रंकेत आहे. एकदा घातला. त्याच्या पैशात सुती सदऱ्यांचे अर्धे डझन झाले असते, आणि ते सदरे मी आज घातले असते. वाढणाऱ्या पोरांना काळी जाकिटे घालायला लावणारे आपणच आहोत. केटररला सांगा, आमच्या मांडवात पोरे पांढऱ्या सदऱ्यात वाढतील. तो नाही म्हणणार नाही, त्याला ते स्वस्तच पडेल.

कमी माणसांत समारंभ होतो का? झालेला आपण पाहिला आहे. २०२० साली टाळेबंदीत लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात तीच पंचवीस माणसे आणि दोन तास अशी झाली. तो काळ दुःखाचा होता, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण माझ्या ओळखीत त्या काळात अंगणात लागलेली लग्ने आहेत. ती आजही टिकून आहेत, संसार चालू आहेत, आणि त्यांचा एकही हप्ता कुठे थकलेला नाही. त्यांच्यापैकी एकाही जोडप्याला ‘तुमचे लग्न कमी लागले’ असे कुणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. मग मर्यादा उठल्याबरोबर आपण पुन्हा बाराशे पानांकडे का धावलो? कारण सरकारी हुकूम होता तेव्हा आपल्याला सबब होती. आता सबब नाही, आणि स्वतःच्या जबाबदारीवर कमी करण्याचे धैर्य नाही. एकट्याला ते धैर्य होतही नाही. मला झाले नाही, हे मी आताच सांगितले. संपही एकट्याने होत नाही. म्हणून हे काम आळीने, भावकीने, मंडळाने मिळून करायचे आहे. हेरवाडने ठराव केला तसा आपल्यालाही करता येईल.

कोणता ठराव? मी माझ्या समजुतीप्रमाणे काही कलमे सुचवतो. आपण ती मोडावीत, सुधारावीत.

पहिले, मार्च ते जून कार्य सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर. मुहूर्त काढणाऱ्यालाही ऊन लागते, तो ऐकेल. दुसरे, मांडवाच्या दारात सावलीत माठ आणि त्यावर एक माणूस नेमलेला. निमंत्रितालाही पाणी, आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही. तिसरे, ताट मोसमाचे. भात, वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी, कैरीचे पन्हे, ताक. करवंदे आणि जांभळे आपल्या रानातली, वाडीच्या बायांकडून रोख पैशाने घेतलेली. चौथे, वाढणारे, रांधणारे, भांडी घासणारे आणि मांडव घालणारे यांची पंगत दुसरी, शेवटची नव्हे, आणि तिथे घरच्या यजमानाने स्वतः वाढायचे. पाचवे, हळदीकुंकवाचे आणि हळदीचे बोलावणे गावातल्या प्रत्येक बाईला, तिचा नवरा हयात असो वा नसो. सहावे, हळदीच्या रात्रीचा कर्णा दहाला बंद. कायदा २००० सालापासून तेच सांगतो, पण कायद्यासाठी नको, शेजारी पहाटे पाचच्या लोकलला जाणारा कामगार झोपला आहे म्हणून. आणि सातवे, लग्नासाठी कर्ज नाही. यजमानाकडे जेवढे आहे तेवढ्यात, आणि कमी पडले तर गावकीची भांडी, भावकीचे सरपण, घरोघरचा तांदूळ. जुन्यातले एवढे आपण जरूर परत आणू. पंगतीतली जातीची रेघ मात्र परत आणायची नाही.

सुरुवातीला मी म्हटले, हा तालुका मुंबईचा यजमान आहे. यजमानाने हक्काने बोलावे. आमच्या पाड्यांना आमच्या धरणांचे पाणी आधी मिळाले पाहिजे, ही मागणी आपण वर्षानुवर्षे करत आहोत आणि करत राहू. ती लढाई मोर्चाची आहे. पण त्या मोर्चात ताठ मानेने चालायचे असेल तर आपल्या स्वतःच्या मांडवात कुणी तहानेला राहता कामा नये. सरकारला जे मागतो ते घरात आपण दिले पाहिजे.

माझ्या धाकट्या मुलीचे लग्न पुढच्या वर्षी आहे. आमच्या अंगणात, जांभळाच्या पाल्याखाली, सायंकाळी साडेपाचला. माठ दारात राहील. त्या माठावर कोण बसणार हे ठरले आहे. आमचे ते म्हातारे सोबती. मी विचारायला गेलो तेव्हा म्हणाले, “माठ तू भरून ठेव. पाजायचं काम माझं.” वाढायला तो कॉलेजातला पोरगा येणार आहे, आता तो नोकरीला लागला आहे. या वेळी तो पाहुणा म्हणून येतो आहे आणि आपल्या खुशीने वाढणार आहे. त्याच्या ताटात मी वाढीन, एवढे त्याला कबूल केले आहे.

आपण सर्वांनी यावे. वेगळी पत्रिका छापणार नाही, हेच निमंत्रण समजावे. येताना आहेर आणू नये, कोट घालू नये.

 अध्यक्षांनी मला बोलायला उभे करण्याआधी पाण्याचा पेला पुढे ठेवला होता. तो मी पूर्ण संपवला आहे. एवढे बोलून आपली रजा घेतो.